संत्र्यासारखी पृथ्वी आणि हिंगणघाटचे थडगे
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



“पृथ्वीचा आकार कसा आहे?” असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक शाळांतील मुले एका सुरात सांगतात, “संत्र्यासारखा गोल, दोन्ही ध्रुवांकडे किंचित चपटा.” उत्तर बरोबर आहे. परंतु त्याच मुलांना “हे कशावरून?” असे विचारले म्हणजे वर्ग शांत होतो, आणि पुष्कळदा शिक्षकही खिडकीबाहेर पाहू लागतात. ज्या उत्तरासाठी विद्वानांनी दीर्घकाळ वाद घातला, ज्याच्यापायी माणसे बर्फात व रानात कष्टली आणि काही परतलीही नाहीत, ते उत्तर पाढ्यासारखे घोकले जावे ही खेदाची गोष्ट होय. त्या वादाचा एक धागा चंद्रपूरच्या शेजारी, वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरील हिंगणघाटास येऊन पोचलेला आहे.

पृथ्वी गोल आहे, हे ज्ञान काही नवे नव्हे. पाचव्या शतकातील आर्यभटास आणि बाराव्या शतकातील भास्कराचार्यांस ते ठाऊक होते. एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक पंडिताने तर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात दोन गावांतील माध्यान्हीच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघही काढला होता. मग सोळाव्या-सतराव्या शतकांतील शास्त्रज्ञांनी अधिक काय केले? कोपर्निकसने १५४३ साली सूर्यास मध्यभागी बसविले, केप्लरने १६०९ साली ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार ठरविल्या, गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. हे सर्व पाठ्यपुस्तकांत असते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, गणिताने काढलेले अनुमान मापाच्या कसोटीवर घासून पाहावयाचे आणि माप उलटे आले तर थोरामोठ्यांचे मतही सोडावयाचे, असा प्रघात या काळात दृढ झाला. पृथ्वीच्या चपटेपणाची कथा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

१६७२ साली रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर वेध घेण्यास गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरांनी आखूड केला तेव्हा कोठे वेळ जुळली. एवढ्याशा फरकाकडे कोणीही दुर्लक्ष केले असते. न्यूटनने केले नाही. स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी मध्यभागी फुगलेली व ध्रुवांकडे चपटी असली पाहिजे आणि म्हणून विषुववृत्तापाशी वस्तूंचे वजन किंचित कमी भरले पाहिजे, असे त्याने १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात गणिताने मांडले.

परंतु फ्रान्समध्ये कासिनी पितापुत्रांनी प्रत्यक्ष जमीन मोजली होती, आणि त्यांच्या मापावरून पृथ्वी उलट ध्रुवांकडे लांबट, लिंबासारखी दिसत होती. संत्रे की लिंबू? वादाने निकाल लागण्यासारखा नव्हता. म्हणून पॅरिसच्या विज्ञान अकादमीने दोन तुकड्या पाठविल्या. एक १७३५ साली पेरूकडे निघाली. दुसरी १७३६ साली उत्तरेस लॅपलँडच्या बर्फात गेली. दोघींनी एकच गोष्ट मोजावयाची होती. ध्रुवतारा एक अंश वर चढलेला दिसावा म्हणून उत्तरेकडे किती अंतर चालावे लागते? जेथे पृथ्वीचा बाक कमी, तेथे अधिक चालावे लागणार. लॅपलँडचा अंश लांब भरला, पेरूचा आखूड. पेरूकडे गेलेल्या तुकडीतील काही जण परतलेच नाहीत. न्यूटनचे अनुमान खरे ठरले. लिंबू हरले, संत्रे जिंकले.

या मोजणीची रीत स्नेल या डच गणितज्ञाने १६१५ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर वापरून दाखविली होती. जमिनीवर एकच रेषा साखळीने मोजावयाची, मग तिच्या टोकांवरून दूरच्या खुणेकडे पाहून कोन मोजावयाचे. त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचावयाचे. “भूमिती शिकून काय उपयोग?” असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

हीच रीत घेऊन विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पहिली रेषा मोजली. कंपनी सरकारला नकाशे हवे होते, ते मुलुख ताब्यात ठेवण्यासाठी. हे लपविण्याचे कारण नाही. लॅम्बटनचा जीव मात्र पृथ्वीच्या आकारात अडकला होता. मद्रासपासून त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो बंगलोरास पोचला, तेव्हा तेथील रेषेची गणिताने आलेली लांबी आणि १८०४ साली प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक पडला. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना त्याचे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र आदळून बिघडले. कित्येक आठवडे खपून त्याने ते स्वतः दुरुस्त केले. एकवीस वर्षे मोजीत मोजीत उत्तरेकडे सरकलेला हा म्हातारा हैदराबादेहून नागपुराकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे थडगे तेथेच आहे.

त्याचा सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. हा एव्हरेस्ट आरंभीच, १८१९ साली, कृष्णा व गोदावरी यांमधील जंगलात बहुतेक सोबत्यांसह तापाने अंथरुणास खिळला होता. सिरोंचाच्या पलीकडच्या गोदावरीकाठी पावसाळा काढलेल्या माणसास ते रान कसे असेल हे सांगावयास नको. निशाणे धरणाऱ्या, झाडे तोडून वाट करणाऱ्या खलाशांची नावे मात्र पुस्तकांत फारशी सापडत नाहीत.

आज पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासाहून सुमारे ४३ किलोमीटर अधिक मानला जातो. तीस सेंटिमीटरांच्या पृथ्वीगोलावर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर होतो! तेव्हा संत्र्याची उपमा देताना, खरे संत्रे पृथ्वीहून फारच चपटे असते, एवढे मुलांना अवश्य सांगावे.

चपटेपणा शाळेत मोजता येणार नाही. परीघ मोजता येईल. गडचिरोली आणि सिरोंचा ही गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. २१ मार्चच्या सुमारास दोन्ही ठिकाणच्या शाळांनी सपाट अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. घड्याळातील बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. म्हणून पावणेबारा ते साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी. गडचिरोलीस ती सदतीस सेंटिमीटरांच्या आसपास भरेल, सिरोंचास चौतीसच्या. माध्यमिक शाळेतील गणितशिक्षकांकडून स्पर्शज्येचे कोष्टक आणून दोन्ही कोन काढावेत व त्यांतील फरक घ्यावा. दोन गावांतील अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजावे, एस. टी.च्या रस्त्याचे घेऊ नये. त्या अंतरास ३६० ने गुणून कोनांच्या फरकाने भागले की परीघ येतो.

सावलीची कड पुसट असते, म्हणून ती नेमकी कोठे धरावयाची हे दोन्ही शाळांनी आधी ठरवावे. एका मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तरात सुमारे दीड हजार किलोमीटरांचा फरक पडतो. येणारे उत्तर पुस्तकातील चाळीस हजारांशी क्वचितच जुळेल. तरीही तो आकडा खोडू नये किंवा “सुधारून” लिहू नये. मुलांनी मोजला तसाच वहीत नोंदवावा, शेजारी दुसऱ्या शाळेचा आकडा लिहावा, आणि चूक कोठे झाली असेल ते मुलांकडूनच खाली लिहवून घ्यावे.