तर्काचा तराजू कोण तपासणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मागच्या वर्षावासात एका रविवारी विहारात वाद झाला. आपल्यातला एक शिकलेला मुलगा एका आजींना म्हणाला, "हातातला गंडा सोडा. त्यानं ताप उतरतो हे सिद्ध करा." आजी म्हणाल्या, "बाळा, तुझा तर्क खरा, हे कशानं सिद्ध केलंस?" मुलगा हसला. आम्हीही हसलो. त्यानंतर आजी विहारात आल्या नाहीत.

आज कबूल करतो, तो प्रश्न हसण्याचा नव्हता. आचार्य नागार्जुनांनी 'विग्रहव्यावर्तनी' या ग्रंथात हाच प्रश्न विचारला आहे. प्रमाणांनी सर्व सिद्ध होतं म्हणता, मग प्रमाणं कशानं सिद्ध? दुसऱ्या प्रमाणानं म्हणाल तर त्याला तिसरं लागेल, त्याला अंतच नाही. पुराव्याशिवाय मानाल तर आपलाच नियम मोडला. दिवा स्वतःलाही उजळतो, हे उत्तरही त्यांनी मान्य केलं नाही.

मग तर्क आणि गंडा सारखेच काय? मुळीच नाही! न्यायसूत्रांत तराजूचा दाखला आहे. तराजू वजन करतो, पण वेळ आली की तराजूचीही परीक्षा होते. तर्क चुकला तर चूक दाखवता येते, आणि ती मान्य करावी लागते. गंड्याला मात्र कोणी परीक्षेला बसवत नाही. ताप उतरला तर गंड्याचा गुण, न उतरला तर आपलं नशीब!

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं की परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्यावर विसंबून काही स्वीकारू नका. त्याच यादीत त्यांनी नुसता तर्कही घातला. लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो, हे स्वतः पाहा, ही त्यांची कसोटी.

त्या कसोटीवर त्या रविवारी आम्ही नापास झालो. मुद्दा आमचा बरोबर होता, पण मनात करुणा नव्हती, जिंकल्याचा माज होता. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला धम्म दिला, तो माणसं जोडण्यासाठी.

ताप अंगावर काढू नका, डॉक्टरांकडे चला, हे आजींना सांगायचंच आहे. पण त्यांच्या शेजारी बसून. आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायचं आहे. या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. तो मुलगाही येतो म्हणाला आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.