टेबलावर कुत्रा, आजारी घर

उन्हाळ्याची चाहूल लागली की शहरांतल्या प्राण्यांच्या दवाखान्यांत ‘टिक फिव्हर’ हा शब्द वरचेवर कानावर येऊ लागतो. कुत्रा जेवण सोडतो, कोपऱ्यात पडून राहतो, हिरड्या फिक्या पडतात. रक्त तपासले की प्लेटलेट घसरलेल्या निघतात. सलाईन लागते, गोळ्या सुरू होतात, आठवड्याभरात शेपूट हलू लागते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. दोन-चार महिन्यांनी तेच दुखणे पुन्हा उभे. औषध लागू पडले नाही असे ठरते, डॉक्टर बदलला जातो. मला वाटते, औषधाने बहुतेक वेळा आपले काम चोख केलेले असते. रोगी ओळखण्यातच चूक झालेली असते. टेबलावर कुत्रा आहे, पण आजारी आहे ते घर.

टिक फिव्हर हे एका रोगाचे नाव नाही. तपकिरी गोचिडाच्या पोटातून येणाऱ्या तीन-चार निरनिराळ्या पाहुण्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो; बबेसिया हा मलेरियाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद, तो तांबड्या पेशी फोडतो; हेपॅटोझून तर चावण्यातून येतच नाही, कुत्र्याने अंग चाटताना गोचीड गिळला की येतो. परदेशी जातीची कुत्री आली आणि ही ब्याद आली, असे सर्रास म्हटले जाते. तसे नाही. हेपॅटोझूनचे पहिले वर्णन 1905 मध्ये जेम्स यांनी आसामातल्या कुत्र्यांवरून केले, आणि बबेसियाची ‘गिब्सोनी’ ही जात पॅटन यांनी 1910 मध्ये मद्रासकडच्या शिकारी कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत पाहिली. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या कुत्र्यांच्या रक्ताची एक पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे 30 टक्के कुत्र्यांत हेपॅटोझून आणि 20 टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत एर्लिकिया सापडला. पाहुणे जुने आहेत, आणि इथलेच आहेत.

आता त्यांना आणणाऱ्याकडे वळू. ‘गोचिडासारखा चिकटला’ असे आपण म्हणतो, पण कुत्र्याच्या गोचिडाला ही म्हण फारशी लागू पडत नाही. गाईवरचा नेहमीचा गोचीड पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो. कुत्र्यावरचा तीनदा चढतो आणि तीनदा उतरतो. सहा पायांचे पिल्लू रक्त पिऊन खाली पडते, फटीत शिरून कात टाकते. आठ पायांचे होऊन पुन्हा कुत्रा गाठते, पुन्हा उतरते. प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढते. रक्त पिऊन फुगलेली मादी हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते (लॅटिनमध्ये गोचिडाला आणि एरंडाला एकच शब्द आहे, तो उगीच नाही). ती शेवटची उतरते आणि भिंत चढू लागते: चौकटीच्या मागे, तसबिरीच्या आड, पलंगाच्या सांध्यात, छताच्या कोपऱ्यात. तिथे ती हजारो अंडी घालते आणि मरते. या साऱ्या आयुष्यात कुत्र्याच्या अंगावर घालवलेले दिवस मोजले तर तीन-चार आठवड्यांपलीकडे जात नाहीत. उरलेला काळ भिंतीत, आणि प्रौढ गोचीड तिथे उपाशीपोटी वर्षभरही तग धरू शकतो. म्हणजे कुत्र्याच्या कानामागे चार गोचीड दिसतात तेव्हा आपण त्या वस्तीतले फक्त जेवायला बाहेर पडलेले रहिवासी पाहत असतो. शेतकऱ्याला गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवायचे आणि त्यांत औषध मारायचे माहीत असते. फ्लॅटमधला सुशिक्षित कुत्रापालक मात्र चिमटा घेऊन कुत्र्यामागे बसतो.

एर्लिकियाच्या बाबतीत ही भिंत नुसती लपण्याची जागा नसून रोगाची तिजोरी आहे. गोचिडाची मादी हा जिवाणू अंड्यांना देत नाही. नवे पिल्लू कोरे असते. ते आजारी कुत्र्याकडून जिवाणू उचलते, भिंतीत कात टाकतानाही तो सांभाळून ठेवते आणि पुढच्या कुत्र्याला देते. ऑस्ट्रेलियात हा गोचीड फार वर्षांपासून होता, पण तिथल्या कुत्र्यांत एर्लिकिया 2020 मध्ये पहिल्यांदा सापडला आणि मग उत्तरेकडच्या दूरदूरच्या वस्त्यांत झपाट्याने पसरला. गोचीड तयारच बसला होता; उणीव होती ती एका बाधित कुत्र्याची.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या अंगावर गोचिडांची रास असते, त्यांना कुठे काय होते? होते, आपण पाहत नाही एवढेच. अशक्त पिल्ले आधीच गेलेली असतात, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांच्या शरीरात रोग मुकाट दबा धरून असतो. हा मुकाटपणा किती फसवा, ते व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याला कळले. 1968 ते 1970 या काळात त्यांची दीडशेहून अधिक लष्करी कुत्री, बहुतेक जर्मन शेफर्ड, दगावली. कित्येकांचा सुरुवातीचा ताप येऊन गेलेला होता, कुत्री कामावर रुजू होती, आणि काही महिन्यांनी एकाएकी नाकातून रक्त सुरू झाले. तोवर अस्थिमज्जाच रक्त बनवायचे विसरत चालली होती. प्लेटलेट वाढल्या म्हणून चार आठवड्यांचे डॉक्सिसायक्लिन दहाव्या दिवशी बंद करणारे हीच वाट तयार करतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गोचीड मारणाऱ्या नव्या गोळ्या रक्तातून काम करतात, म्हणजे गोचीड चावल्याशिवाय मरत नाही. आणि एर्लिकिया तर चावल्यापासून काही तासांतच शरीरात उतरू शकतो. मग गोळीचा उपयोग काय? एका चाव्यापुरते पाहिले तर आक्षेप खरा आहे. बबेसियाला पोहोचायला दोनेक दिवस लागतात, तिथे गोळी वेळेवर येते. एर्लिकियापुढे ती हरू शकते. पण घर हा रोगी मानला की हिशेब बदलतो. औषध घेतलेला कुत्रा त्या घरातला सापळा होतो: भिंतीतून जो जो गोचीड जेवायला येतो तो अंडी घालायला परत जात नाही. यासाठी गोळी उन्हाळ्यापुरती देऊन भागत नाही, भिंतीतल्या शेवटच्या उपाशी गोचिडाची भूक संपेपर्यंत ती चालू ठेवावी लागते. या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला. तो गंभीरपणे घ्यायला हवा, आणि ज्याला आधी फिट आलेली आहे त्याच्यासाठी डॉक्टरांशी बोलून दुसरा मार्ग निवडावा. पण गोळीला घाबरून अंगावर रॉकेल चोळणाऱ्यांनी विषाची गोष्ट करू नये. परमेथ्रिनचे थेंब कुत्र्याला चालतात, त्याच घरातल्या मांजराच्या जिवावर उठतात. हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

राहिला प्रश्न घर कुठे संपते याचा. आमचा कुत्रा खाली उतरतच नाही, असे सांगणाऱ्याच्या चपला, पाहुणे आणि शेजारचा कुत्रा खाली उतरतात. जिन्याखाली, पार्किंगमध्ये, रखवालदाराच्या चौकीत सोसायटीची भटकी कुत्री झोपतात. त्यांना उचलून नेले तर रिकाम्या जागी दुसरी येतात, भिंतीतले गोचीड मात्र तिथेच त्यांची वाट पाहत राहतात. त्याच कुत्र्यांना महिन्याची गोळी खाऊ घातली तर चौकीतही सापळा लागतो. खर्च कोणाचा, यावर सभा अडते. चौकी कोणाच्याच फ्लॅटमध्ये मोडत नाही, म्हणून तिच्या भेगा बुजवणे विषयपत्रिकेवर कधी येत नाही.