हलक्या गळाची फिरकी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिशेबवाचन, शिष्यवृत्ती-वाटप आणि वधूवर-परिचय अशा भारदस्त विषयांच्या पाठोपाठ आमच्या व्याख्यानाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांच्या मुखावर स्मित उमटले, ते आम्ही येथे बसून पाहिले आहे. निवृत्त सभासदांनी आपापल्या छंदाविषयी काही सांगावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली आणि आमचा छंद हा असा निघाला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. चौतीस वर्षे शाळेत मुलांना शिकविण्यात गेली. सबब विद्वत्तेचा दावा नाही. तथापि नदीकाठी जी गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो, ती सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते.

प्रथम ही वस्तू काय ते सांगितले पाहिजे. कुत्र्याच्या साखळीत मध्यंतरी एक फिरते कडे असते. कुत्रा कितीही गिरक्या घेवो, साखळीस पीळ बसत नाही. तसलेच, परंतु तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठे, असे एक फिरते पितळी कडे आणि त्याच्या एका टोकास सेफ्टी पिनेसारखी उघडमीट करणारी तारेची कडी, मिळून जी वस्तू होते तिला दुकानदार स्नॅप स्विव्हल म्हणतात. आम्ही तिला फिरकी-कडी म्हणतो. फिरकीच्या डोळ्यात दोरा बांधावयाचा आणि कडीत आमिष अडकवावयाचे. आमिष बदलावयाचे झाल्यास दोरा कापून नव्याने गाठ मारावी लागत नाही, कडी उघडली की काम झाले. चाळिशी लावूनही संध्याकाळी गाठ दिसत नाही अशा आमच्या वयाच्या मनुष्यास हे सुख थोडे नव्हे.

परंतु तिचे मुख्य काम पीळ आवरण्याचे. १९०५ साली इंग्लंडातील ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ या लोकरीच्या धंद्यातील गृहस्थांनी स्थिर रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील बॉबिनच्या टोकावरून सूत जसे सुटते, तसाच या रिळावरून दोरा सुटतो, आणि म्हणून चार-पाच ग्रॅमचे आमिषही दूर फेकता येते. हलक्या मासेमारीचा सारा डोलारा या युक्तीवर उभा आहे. दोरा सुटताना पडणारा पीळ गुंडाळताना बहुतांशी निघून जातो. खरा उपद्रव निराळ्याच दोन कारणांनी होतो. एक म्हणजे स्पिनर. त्याचे चकचकीत पाते दांडीभोवती गरगर फिरते आणि पुष्कळदा सबंध स्पिनरालाच फिरवू लागते. दुसरे कारण म्हणजे आपली घाई. मासा ओढीत असता रिळातून दोरा सरकतो आहे, आणि आपण तशातच मूठ फिरवीत आहोत, हे दृश्य कोणत्याही नवशिक्याच्या हाती दिसेल. ज्या रिळाचे दातेरी प्रमाण पाचास एक आहे, त्यात मुठीच्या एका फेऱ्यास दोऱ्यात पाच पीळ पडतात. हे दुसरे दुखणे कोणत्याही फिरकीने बरे होत नाही. त्यास हात आवरणे हाच उपाय. पीळ बसून गेलाच, तर आमिष व फिरकी काढून नुसता दोरा वाहत्या पाण्यात लांब सोडावा आणि थोड्या वेळाने सावकाश गुंडाळावा. नदी पीळ काढून टाकते.

आता निवडीकडे येऊ. आमच्या मते पहिला प्रश्न कोणती घ्यावी हा नसून मुळात हवी आहे काय, हा आहे. दोन ते तीन किलो ताण सोसणारा नायलॉनचा दोरा, ज्यास कोकणात तंगूस म्हणतात, आणि तीन ते सात ग्रॅमचे आमिष, अशा साहित्याविषयी आम्ही बोलत आहोत. स्पिनर असेल तर फिरकी हवीच. लहान लाकडी अथवा प्लास्टिकचा मासा असेल, जो ओढताना स्वतःभोवती न फिरता केवळ अंग हलवितो, त्यास फिरकी नको. नुसती गोल बुडाची बारीक कडी पुरते. फिरकीच्या भाराने अशा तरंगत्या माशाचे नाक खाली झुकते आणि त्याचे डुलणे मरते. रबराचा किडा किंवा शिशाच्या डोक्याचा गळ असेल तर दोरा सरळ त्यालाच बांधावा, मध्ये काही नको. एकदा आम्ही आमची एक मोठी फिरकी-कडी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून पाहिली. ती एका ग्रॅमच्या आतबाहेर भरली. चार ग्रॅमच्या आमिषाच्या नाकाला एक ग्रॅमची नथ! सराफही हसले.

आकाराचे अंक उलटे चालतात, हे ध्यानात ठेवावे. साध्या फिरक्यांत १२ क्रमांक हा ७ क्रमांकाहून लहान असतो. आमच्या पहिलीतील मुलांस हे अंकगणित पटले नसते. पुन्हा छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर फिरणाऱ्या काही फिरक्यांत क्रम सुलटा असतो, आणि एका कारखान्याचा १० दुसऱ्याच्या १० शी जुळतोच असे नाही. म्हणून पाकिटावर किती किलो वा पौंड ताण लिहिला आहे तो पाहावा. दोऱ्याच्या दुप्पट ताण सोसणारी फिरकी भरपूर झाली. आम्ही साधारणतः १० अथवा १२ क्रमांकाची वापरतो. साधी पिंपाच्या आकाराची फिरकी स्वस्त असते, पण ताण आला की आतल्या आत घासून बहुधा अडून बसते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी फिरत नाही. छर्ऱ्यांची महाग असली तरी ताणाखालीही फिरते; स्पिनरसाठी आम्ही तीच घेतो, आणि खर्च वाचवावयाचा तर तो आमिषांच्या संख्येत वाचवितो. रंग काळपट असावा. पितळेच्या चकाकीवर मासे तोंड घालतात. गळ मागे आणि चावा पुढे, असा प्रकार होतो.

इतके सर्व आम्हांस पुष्कळ पूर्वीपासून ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते कडीविषयी.

भोरच्या परिसरात नीरेच्या एका डोहावर आम्ही आमच्या नातवास घेऊन गेलो होतो. मुलाचे वय अकरा. १९५२ साली भारतात आणलेली तिलापी आता ठिकठिकाणच्या पाण्यात सापडते. तेवढीच एखादी मिळावी, ही आमची अपेक्षा. पण शेवाळाच्या कडेने स्पिनर येत असता एका मरळीने तो धरला. ती एकदा पाण्याबाहेर आली तेव्हा आम्ही तिचे काळसर अंग पाहिले. दीड किलोहून कमी नसावी. मुलाने काठी नीट उभी धरली होती. ती काठापासून दोन हातांवर आली आणि एकाएकी दोरा सैल पडला.

आम्ही मुलास फार बोललो. "हिसका दिलास! शंभरदा सांगितलं, हिसका देऊ नकोस म्हणून!" तो म्हणाला, "आजोबा, मी ओढलं नव्हतं हो." आम्ही त्यास उलट उत्तर देऊ नये असे सुनावले, दोरा गुंडाळला, रीळ पिशवीत टाकले आणि घरी आलो. पुढील दोन रविवार त्याने अभ्यासाची सबब सांगितली.

तिसऱ्या आठवड्यात रिळास तेल घालावे म्हणून पिशवी उघडली, तो दोऱ्याच्या टोकास फिरकी जशीच्या तशी होती. गाठ शाबूत, दोरा शाबूत. फक्त कडीची तार पत्र्याच्या घरातून निसटून खिळ्यासारखी सरळ झाली होती. ती कडी आम्हीच घेतलेली, कागदावर टाचलेल्या डझनातली, आणि मोठी म्हणजे भक्कम असे समजून घेतलेली. चौतीस वर्षांत शाईचे डाग पडले म्हणून किती मुलांचे गुण आम्ही कापले असतील; टाक कोणी दिला होता, हे एकदाही पाहिले नाही. त्या दिवशी संध्याकाळी ती सरळ झालेली तार मुलाच्या हातावर ठेवली आणि चूक आमची होती असे सांगितले. तो बराच वेळ तारेकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, "म्हणजे तिच्या तोंडात स्पिनर अजून असेल?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. गळाची काटेरी उलट धार तेव्हापासून आम्ही पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे सुटलेल्या माशास तो झटकून टाकता यावा.

तर कडीविषयी. मंगळसूत्राचा फासा ज्या बारकाईने घरातील स्त्रिया पाहतात, त्याच बारकाईने ती पाहावी. जिच्यात तारेचे टोक नुसते मुडपलेल्या पत्र्यात शिरते, ती घेऊ नये. पत्रा किंचित फाकला की तार निसटते. जिच्यात तारेच्या टोकास आकडा असून तो तारेवरच अडकतो, ती बरी. ताण आला की आकडा उलट अधिक घट्ट बसतो. ड्युओलॉक नावाने मिळणारी, पत्रा नसलेली, एकाच तारेची कडी लहान आकारात आम्हांस सर्वांत विश्वासाची वाटली. विकत आणल्यावर प्रत्येक डझनातील दोन कड्या आम्ही शाळेतल्या ताणकाट्यास अडकवून ओढून पाहतो. दोऱ्याच्या ताणाइतके ओढूनही आकार बदलला तर सबंध डझन टाकून द्यावे. पुष्कळदा उघडमीट झालेली कडीही टाकावी, कारण वारंवार वाकविलेली तार थकते. आणि मासा असो वा नसो, फिरकी काठीच्या टोकाच्या कड्यापर्यंत ओढू नये. त्या कड्यातील चिनी मातीची रिंग तडकते आणि पुढे दोरा कापते.

धरणाच्या जलाशयात जावयाचे असेल त्यांनी आधी चौकशी करावी. तेथील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो.

आमचा नातू पुन्हा येऊ लागला आहे. निघण्यापूर्वी तो आमची डबी मागून घेतो, एकेक कडी उघडून मिटून पाहतो, आणि नापसंत पडलेली आमच्याकडे न विचारता बाजूस काढून ठेवतो. गेल्या खेपेस पाच काढल्या.