टाकीत कुणी उतरायचं नाही
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात मंदिराच्या सभामंडपात केलेलं बोलणं)



विणेकरी बाबा म्हणाले, दोन शब्द बोला, पण कीर्तनातलं नको, घरातलं बोला. म्हणून आज आम्ही संडासाच्या टाकीवर बोलणार आहोत. हसू नका. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, तेव्हा मंडपात हा विषय काही बाटगा नाही.

टाकी बांधली, वर फरशी घातली, फरशीवर कुंड्या मांडल्या की आपण ती विसरतो. आमच्या घरी आम्ही अकरा वर्षं विसरलो होतो. कार्तिकीला कोकणातून घाट चढून आळंदीला निघालेली दिंडी एका रात्री आमच्याकडे मुक्कामाला होती. चाळीस माणसं. पहाटे संडासाचं पाणी उलटं वर आलं. पाहुण्यांपुढे मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी एक जण दोन पोरं घेऊन आला. म्हणाला, गाडी कशाला बोलावता, पोरं उतरतील, निम्म्या पैशांत काम होईल. आणि आम्ही हो म्हटलं. हे आज शंभर माणसांपुढे सांगतो आहोत, कारण हो म्हणणारे आम्हीच होतो.

झाकण काढलं, कंदील सोडला, ज्योत स्थिर होती. विहिरीत उतरताना वाडवडील तसंच बघायचे, म्हणून सगळे निर्धास्त. थोरला उतरला, दोन घमेली गाळ वर आला आणि पोराचा आवाजच बंद झाला. धाकटा उडी मारणार तेवढ्यात आमच्या वडिलांनी त्याला कमरेला धरून मागं ओढला. थोरल्याच्या कमरेला दोर होता म्हणून वर आला. वाचला. दोर नसता तर आज आम्ही इथे बोलायला उभे नसतो.

पुढे डॉक्टरांनी समजावलं ते असं. टाकीत मैला कुजतो, त्यातून विषारी वायू होतो. त्याला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. ज्योत जळती राहते आणि माणूस पडतो. शिवाय त्यात जळणारा वायूही असतो, म्हणजे कंदील सोडणं हाच मोठा धोका. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. वर्तमानपत्रात आपण वाचतो, एक पडला, त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. कुणी पडलाच तर मागं उतरू नका. 112 ला फोन लावा, अग्निशमनवाल्यांना 101 वर बोलवा.

2013 सालचा कायदा आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणं हा गुन्हा, आणि तो घरमालकालाही लागतो. पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. पण कायद्याची भीती ही वारकऱ्याला शेवटची असावी. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते, भिंत अंगावर पडली, त्यातच गेले. त्यांच्या समाधीपुढे डोकं टेकवून आपण नामदेव पायरी चढतो. आणि घरी येऊन आपली घाण काढायला कुणाचं तरी पोर खड्ड्यात सोडतो. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः संडास साफ केले, मैला कुणाला उचलावाच लागू नये असे संडास बांधून दाखवले. ते आपण वाचलं आणि विसरलो.

आता करायचं काय? दोन-तीन वर्षांनी टाकी गाडीने उपसायची, तुंबायची वाट बघायची नाही. गाळ किती आहे ते बघायला लांब बांबूला जुना पांढरा पंचा गुंडाळा आणि झाकणातून तळापर्यंत सोडा. वाऱ्याकडे पाठ ठेवा, बिडी विझवा, पोरांना लांब ठेवा. बांबू थोड्या वेळाने हळूच वर घ्या. पंचा जिथवर काळा, तिथवर गाळ. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याला गाळ आला की गाडी बोलवा. तळाशी थोडा गाळ राहू द्या, कुजवणारे जंतू त्यातच असतात. कुणी गूळ टाकायला सांगतं, कुणी बाजारातली पुडी. गरज नाही. उलट ॲसिड आणि फिनेल रोज ओतू नका, जंतू मरतात. चिंध्या, पॅड, लहान पोरांचे डायपर आणि भजनाच्या पंगतीनंतरचं तेल यातलं काहीही टाकीत जाऊ देऊ नका.

औंढ्याचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! लोणावळ्याकडे वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या पुढे पडतो. जमीन पाण्याने भरली की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो, टाकी भरून वाहते. म्हणून उपसायचं काम फाल्गुन-चैत्रात उरका. छपराची पन्हाळ टाकीत सोडलेली घरं गावात आहेत, ती आधी तोडा. शोषखड्डा विहिरीपासून 60 फुटांच्या आत नको. आणि बंगले भाड्याने देणाऱ्यांनी ऐकावं: पाच माणसांच्या टाकीवर शनिवार-रविवार तीस पाहुणे ठेवलेत तर तीन वर्षं वाट बघून चालणार नाही.

गाडीवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा, हा मैला रिकामा कुठे करणार? रात्री ओढ्यात सोडून मोकळे होणारे असतात. आपला ओढा इंद्रायणीला मिळतो. ती कुरवंड्याला उगम पावते, आपल्या बाजूने खाली जाते, देहूला जाते, आळंदीला जाते. आळंदीत पाण्यावर फेस दिसला की आपण शहराला आणि कारखान्यांना बोल लावतो, ते बरोबरच आहे. पण नदीच्या वरच्या अंगाला आपण राहतो. माघारी फिरून येताना आपणच तिच्यात आंघोळ करतो, तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावतो. मैला शुद्धीकरण केंद्रावर नेतो असं जो सांगेल आणि पावती दाखवेल, त्यालाच काम द्या. चार पैसे जास्त लागतील. चार घरांनी मिळून एकाच दिवशी गाडी बोलावली तर तेवढे लागणारही नाहीत.

येत्या रविवारी हरिपाठ झाला की आम्ही बांबू आणि पंचा घेऊन निघणार आहोत. पहिलं झाकण आमच्या अंगणातलं उघडायचं. ज्यांना यायचं त्यांनी चहाला आमच्याकडेच या.