हरलेल्या संघालाही दुसरा सामना

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सतरा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय फुटबॉल लीग हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न दाराशी उभे असताना चेंडूची चर्चा ही चैन वाटेल. परंतु ज्या वयाच्या मुलांसाठी ही लीग आहे त्या वयाकडे नीट पाहिले, म्हणजे हा विषय वर्तमानपत्राच्या क्रीडापानापुरता नाही हे ध्यानात येते.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरता आहे. शाळेतील माध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच मिळते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तीतही १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचे उद्योग वगळून अन्यत्र कामाला ठेवण्याची मुभा राहिली. म्हणजे चौदावे वर्ष ओलांडताच शासनाचा हात मुलाच्या पाठीवरून निघतो. गरिबाघरचा नववी-दहावीतला मुलगा अर्धा शाळेत आणि अर्धा गॅरेजात, हॉटेलात नाही तर शेतावर असतो. मुलगी असेल तर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आणि नेमक्या याच तीन वर्षांत खेळाडू घडतो किंवा कायमचा हरवतो. सतरा वर्षांखालील लीगचा प्रश्न हा वस्तुतः या बेवारस तीन वर्षांचा प्रश्न आहे.

आता लीग म्हणजे काय, याचा विचार करू. आपल्याकडे शालेय फुटबॉल चालत आला तो मुख्यतः बाद पद्धतीने. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची स्पर्धा १९६० पासून दिल्लीत भरते आणि तिने शाळाशाळांत फुटबॉल जिवंत ठेवला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु दिल्लीला पोहोचण्यापूर्वीच्या वाटेवर काय घडते? सोळा शाळा जिल्ह्याच्या ठिकाणी जमतात. बाद पद्धतीत एकूण पंधरा सामने होतात आणि आठ शाळा पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. त्या आठ शाळांतील मुलांचा वर्षाचा फुटबॉल तासाभरात संपतो. हेच सोळा संघ साखळी पद्धतीने एकमेकांशी एकेकदा खेळले तर १२० सामने होतात आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला पंधरा येतात. शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या संघालाही पंधरा!

या साध्या अंकगणितात एक सामाजिक तत्त्व दडलेले आहे. बाद पद्धत जिंकणाऱ्याला अधिक संधी देते आणि हरणाऱ्याची संधी काढून घेते. साखळी पद्धत हरलेल्यालाही पुढच्या आठवड्यात मैदानावर बोलावते. ज्याच्या शाळेत प्रशिक्षक नाही, ज्याने पायात स्टडचे बूट प्रथमच घातले आहेत, तो पहिल्या सामन्यात हरणारच. त्याला शिकायचे असते ते हरल्यानंतर. श्रीमंत शाळेतील मुलाला दुसरी संधी पैशाने विकत घेता येते. गरिबाच्या मुलाला ती व्यवस्थेनेच द्यावी लागते.

म्हणूनच भारतीय फुटबॉल महासंघाने कुमारांच्या वयोगटांसाठी राष्ट्रीय लीग सुरू केल्या, याचे स्वागत केले पाहिजे. क्लबांचे आणि महासंघाची मान्यता मिळालेल्या अकादम्यांचे संघ विभागवार गटांत खेळतात आणि सरस ठरलेले पुढच्या फेरीत जातात. मात्र ही साखळी ज्या कडीपासून सुरू होते ती कडी कोणाच्या हाती आहे? अकादमी काढावयाची तर मैदान हवे, वसतिगृह हवे, परवानाधारक प्रशिक्षक हवा, प्रवासाचा खर्च हवा. हे ज्याला परवडते तोच संघ उतरवतो, आणि पुष्कळदा हा खर्च शुल्काच्या रूपाने पालकांकडूनच वसूल होतो. बाद पद्धतीत गरिबाचा मुलगा एक सामना तरी खेळत होता. येथे तो नोंदणीच्या कागदावरच बाद होतो.

यावर कोणी म्हणेल की उत्तम खेळाडू खासगी प्रयत्नांतूनच घडतात, शासनाने त्यात पडू नये. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भारताच्या २१ जणांच्या चमूत ८ मुले एकट्या मणिपूरची होती. कर्णधार अमरजीत सिंग याची आई बाजारात मासे विकत असे. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंग याने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल ठरला. हे दोघेही चंडीगड प्रशासनाच्या अकादमीत वाढले. जॅक्सन पुढे खासगी अकादमीत गेला हे खरे, परंतु पहिला हात सार्वजनिक संस्थेने दिला. त्याच चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे वडील रिक्षा चालवत. अनिकेतला महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला, म्हणून त्याची वाट मोकळी झाली. ज्या कोल्हापुरात तालीम मंडळांनी आणि पेठांनी फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या जपला, तेथील मुलालासुद्धा वर चढण्यासाठी सार्वजनिक शिडी लागली. मग जेथे ना तालीम आहे ना पेठ, त्या तालुक्यातील मुलाने काय करावे?

या स्पर्धेच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम राज्य सरकारने योजला. शाळांना चेंडू वाटले गेले, छायाचित्रे झळकली. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एका दिवसाच्या उत्सवाने खेळाडू घडत नाही, तो घडतो हंगामाने. आपल्याकडे गुणवत्तेचा तुटवडा कधीच नव्हता. १९७४ साली बँकॉकला भारताच्या युवक संघाने इराणबरोबर आशियाई विजेतेपद वाटून घेतले होते. तुटवडा होता आणि आहे तो वर्षभर, नियमाने, घराजवळ मिळणाऱ्या सामन्यांचा.

वय चोरण्याचा प्रश्नही याच दृष्टीने पाहावयास हवा. कुमारांच्या स्पर्धांत अधिक वयाची मुले उतरवली जातात, म्हणून डाव्या मनगटाची क्ष-किरण तपासणी करून हाडांवरून वय ठरवण्याची पद्धत आली. फसवणुकीचे समर्थन करता येणार नाही. तिच्यामुळे एका खऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची जागा जाते, आणि तो मुलगाही बहुधा गरीबच असतो. परंतु ज्या समाजात गुरुजींनी हजेरीपटावर १ जून ही जन्मतारीख लिहिली आणि तीच आयुष्यभर चिकटली, तेथे कागदावरचे वय हे मुळातच अर्धसत्य आहे. त्यातच एका प्रमाणपत्रावर परीक्षेतील सवलतीचे गुण आणि पुढे राखीव जागेवरची नोकरी अवलंबून असेल, तर मोह होणारच. जेथे संधी वर्षातून एकदाच येते तेथे ती चोरली जाते. मनगटाची तपासणी जरूर व्हावी, पण संधीची टंचाई हटवल्याखेरीज चोरी थांबणार नाही.

मुलींच्या बाबतीत तर चित्र अधिक बोलके आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील आदिवासी मुलगी अष्टम उराँव. लेक कर्णधार झाली म्हणून तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधावयास घेतला गेला, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते, अशी वार्ता तेव्हा सर्वत्र प्रसिद्ध झाली. मुलगी देशाचे नेतृत्व करते तेव्हा कोठे गावाला रस्ता मिळतो, आणि त्या रस्त्याची माती तिच्याच घराने वाहावयाची असते. भारताचा संघ अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्याकडून हरला. एकंदर सोळा गोल स्वीकारले, एकही केला नाही. या पराभवाचा दोष त्या मुलींच्या माथी मारणे हा अन्याय होईल.

बाजारावर भिस्त ठेवून काय होते हेही दिसले. महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना व्यापारी हक्क दिले. करार संपत आला तेव्हा, २०२५ मध्ये, देशाची सर्वोच्च लीग नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकली नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. शिखरच करारावर उभे असेल तर पायथ्याच्या मुलाला भरवसा कोणाचा?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. राष्ट्रीय लीग जिल्हा लीगवर उभी राहावी आणि जिल्हा लीग तालुक्याच्या शाळांवर. नववीपासून पुढच्या खेळाडूंना सामन्याच्या व सरावाच्या दिवशी पोटभर अन्न आणि एसटीचे भाडे सार्वजनिक निधीतून मिळावे. शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेला क्रीडांगण बंधनकारक केले आहे, त्याची अंमलबजावणी व्हावी. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची रिकामी पदे भरली जावीत. मुलींच्या सामन्यांना मुलांइतकेच दिवस आणि तेच मैदान मिळावे. यातली एकही गोष्ट अचाट खर्चाची नाही.

आणि कार्यकर्त्यांसाठी काम उद्यापासूनच आहे. आपल्या तालुक्यात किती शाळांना मैदान आहे, त्यांतली किती मैदाने लग्नसमारंभांना आणि वाहनतळांना दिली आहेत, गेल्या वर्षी दहावीतला मुलगा किती सामने खेळला आणि मुलगी किती, याची यादी करावी. ती ग्रामसभेत, नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत मांडावी. मोर्चाला निघण्यापूर्वी आकडे हाती असावे लागतात, आणि हे आकडे मोजायला सायकल पुरेशी आहे.