मद्रासचा कामराज
(कामगारांच्या सभेतील भाषण)



बाप साचेवाला, म्हणून पोरानंही साचाच धरावा, असं सरकारनंच फर्मावलं तर? हसू नका. मद्रास राज्यात १९५३ साली जवळजवळ हेच झालं. मुख्यमंत्री होते राजाजी. माणूस विद्वान, त्यात वाद नाही. पण त्यांनी हुकूम काढला की, खेड्यातल्या पोरानं शाळेत रोज तीनच तास बसावं आणि उरलेल्या वेळात बापाकडं बापाचा धंदा शिकावा. कुंभाराच्या पोरानं चाक फिरवावं, विणकराच्या पोरानं धोटा मारावा. शहरातल्या वकिलाच्या पोराला मात्र हा नियम नव्हता! लोक खवळले. १९५४ साली राजाजींना खुर्ची सोडावी लागली.

त्या खुर्चीवर आले कामराज. १९०३ साली विरुधुनगरला जन्म, जात नाडार. या जातीला एके काळी देवळांची दारं बंद होती. बाप लहानपणीच गेला, शाळा सुटली, पोरगं मामाच्या कापडाच्या दुकानात कामाला लागलं. पुढं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग. तोही पहिला, शेवटचा नव्हे. इंग्रजी बेताचंच. असा माणूस राज्य काय चालवणार, म्हणून शहाण्यांनी नाकं मुरडली.

एप्रिलात गादीवर बसले आणि मे महिन्यात बापाच्या धंद्याची ती योजना मोडीत! पण नुसती शाळा उघडून भागतं का? पोटात अन्न नसेल, तर पोर पाटीवर डोकं ठेवून झोपणार. आपल्या चाळीत हे कुणाला सांगायला नको. म्हणून १९५६ पासून शाळेतच दुपारचं जेवण सुरू केलं. त्याच साली तमिळला राजभाषा करणारा कायदा झाला. आंध्र १९५३ सालीच वेगळा झाला होता. आता कारभार रयतेला कळेल अशा भाषेत व्हायला हवा होता.

कामराज काँग्रेसचे, हे मी लपवत नाही. त्या पक्षाशी आपलं काय भांडण होतं, ते तुम्ही जाणता. त्यांच्या लोकांनीही हिशेब मागितलाच. १९६३ साली त्यांनी आपणहून मुख्यमंत्रिपद सोडलं, काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मग १९६५ साली हिंदीच्या सक्तीविरुद्ध मद्रासची पोरं रस्त्यावर आली, गोळ्या झाल्या. १९६७ साली खुद्द विरुधुनगरात एका विद्यार्थी पुढाऱ्यानं कामराजांना १२८५ मतांनी पाडलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला ते वारले. शाळेतली पंगत मात्र उठली नाही. १९६७ साली विरोधी गोटात असलेले एम. जी. रामचंद्रन पुढं मुख्यमंत्री झाले, आणि १९८२ साली त्यांनीच ती आणखी वाढवली.