बोटांची हमाली नको

(उल्हासनगरच्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय, पण कविता आज खिशातच राहू द्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर... स्टेशनाबाहेर पडलं की कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड दिसतात. 'सहा महिन्यांत आयटीत नोकरी', 'शंभर टक्के प्लेसमेंट'. त्या बोर्डांखाली आपली पोरं उभी असतात. कुणी कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवतो, कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबतो, कुणी बदलापूरच्या केमिकल कंपनीतली रातपाळी करून डोळे चोळत येतो. सगळ्यांचा प्रश्न एकच, कुठला कोर्स करू? त्या प्रश्नामागं आईच्या गळ्यातली पोत असते, बुडालेला पगार असतो. म्हणून त्याचं उत्तर बोर्ड लावणाऱ्याकडून घ्यायचं नसतं.

मी गोदीतला माणूस. गोदीनं शिकवलं तेवढंच सांगतो. एकेकाळी मुंबईच्या गोदीत गोणी, गाठी, पेट्या माणसाच्या पाठीवरून उतरायच्या. हातात हूक, मागं टोळी, वर मुकादम. मग कंटेनर आला. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं अन् माल तिकडं वळला. शेकडो गोणींचं काम एका डब्यात बंद झालं. पाठ मोकळी झाली, तसं पोटही मोकळं झालं. आज कुठला डबा कुठं ठेवायचा, कुठल्या जहाजावर चढवायचा, ते कॉम्प्युटर सांगतो. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, मर्स्क कंपनीची यंत्रणा कोलमडली अन् न्हावा-शेवाच्या तिच्या टर्मिनलवरचं काम ठप्प झालं. क्रेन शाबूत, माणसं शाबूत, पण डब्यांचा हिशेब सांगणारं यंत्रच मुकं! अशा वेळी यंत्राच्या पोटात हात घालून ते पुन्हा उभं करणारा माणूस लागतो.

कोर्स निवडायची कसोटी ह्यातच आहे. कॉम्प्युटरच्या धंद्यातही दोन जाती आहेत. एक यंत्राला हुकूम देणारी, दुसरी यंत्राचा हुकूम पाळणारी. स्टेशनाबाहेरचे बरेच क्लास आपल्याला दुसरीत भरती करतात. वर्ड, एक्सेल, टायपिंग, डेटा एंट्री. म्हणजे पाठीवरची गोणी बोटांवर आली, हमाली तीच. अन् तीही टिकायची नाही, कारण कागद वाचून आकडे भरायचं काम आता एआय करायला लागलंय.

एमएस-सीआयटीला मी नावं ठेवत नाही. सरकारी नोकरीच्या जाहिरातींत कॉम्प्युटरच्या प्रमाणपत्राची अट असते, तेवढ्यासाठी ती जरूर करा. पण ती कॉम्प्युटरची बाराखडी आहे. नुसत्या बाराखडीवर कुणी वकील झाल्याचं मी ऐकलं नाही.

मग शिकायचं काय? प्रोग्रॅमिंग, नेटवर्क, डेटाबेस, टेस्टिंग, ह्यातलं एक धरायचं अन् खोल जायचं. अन् आधी सरकारी दार ठोठवायचं. आयटीआयत 'कोपा' नावाचा ट्रेड असतो, कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावी पास चालतो, एक वर्षाचा कोर्स. अंबरनाथला अन् उल्हासनगरला सरकारी आयटीआय आहेत. कोपाच्या जागा कुठं आहेत ते प्रवेशाच्या यादीत बघा, जिल्ह्यातली बाकीची आयटीआयही बघा. त्यापुढं केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेची 'ओ लेव्हल'. बारावी पास किंवा दहावीनंतर एक वर्षाचा आयटीआय केलेला तिला बसू शकतो. तिच्यात वेब डिझायनिंग आहे, पायथॉन आहे. क्लास न लावता, घरी अभ्यास करून थेट परीक्षा देता येते. माझ्यासारखा दहावीवर अडलेला असेल त्याला एनआयओएसमधून बारावी करता येते, पाळी सांभाळून.

पैसे काढायच्या आधी एक महिना फुकटचं शिका. पवईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहेत. छोटे छोटे धडे, पुष्कळसे मराठीतही. स्क्रीनच्या एका बाजूला धडा चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला तेच आपल्या हातानं करायचं. रोज तासभर बसा. दहा वेळा एरर येईल, डोकं फिरेल. तरी अकराव्यांदा बसावंसं वाटलं तर समजा, हे काम आपलं आहे. नाही वाटलं तर एक रुपया न घालवता कळलं.

इंग्रजीचा बाऊ करू नका. पायथॉनमध्ये राखीव शब्द ३५ आहेत. इफ, एल्स, व्हाइल, असले. गोदीत आम्ही ट्विस्टलॉक, टर्नबकल रोज बोलतो, ते कुठल्या शाळेत शिकलो? हातानं शिकलो. मुलाखतीचं इंग्रजी लागतंच, पण ते पुढची पायरी.

खाजगी क्लास लावायचाच असेल तर काउंटरवर मान खाली घालून उभं राहू नका. तिथं एसी असतो, समोरचं माणूस फाडफाड इंग्रजी बोलतं, आपल्याला घाम फुटतो. मराठीत विचारा. सर्टिफिकेट कुणाचं, सरकारी मंडळाचं की मालकाच्या सहीचं? आठवड्याला मशीनवर किती तास, एका मशीनवर किती पोरं? शिकवणाऱ्यानं कधी कंपनीत काम केलंय का? गेल्या बॅचची चार पोरं भेटवता का? मध्येच सोडलं तर फी किती परत? सगळं कागदावर मागा. 'आज भरलं तर डिस्काउंट' एवढंच उत्तर आलं तर उठा.

हप्त्याचं ऐका. पुष्कळदा तो फीचा हप्ता नसतोच, तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कंपनी क्लासला एकरकमी पैसे देते. क्लासला टाळं लागलं तरी वसुलीवाला तुमच्याच दारात! म्हणून सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. अन् ती 'शंभर टक्के नोकरी'? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमावली काढली. निवडीची, नोकरीची खोटी हमी द्यायला तिच्यात मनाई आहे. बोर्डाचा फोटो काढा, पावती जपा, फसवणूक झाली तर १९१५ वर तक्रार करा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी आहे, गल्लीतल्या क्लासला लागत नाही. तेव्हा प्रवेश घ्यायच्या आधीच विचारा, हा कोर्स शिष्यवृत्तीत बसतो का?

शेवटी, हे एकट्यानं करू नका. चौघांनी मिळून एक सेकंडहँड मशीन घ्या, वस्तीतल्या वाचनालयात ठेवा, पाळ्या लावून बसा. क्लासच्या काउंटरवरही चौघं जा. कुणी काय उत्तर दिलं, फी किती सांगितली, नोकरी कुणाला लागली, ते एका वहीत लिहा अन् ती वही सगळ्यांसाठी उघडी ठेवा. पहिली वही मी आणतो. तिन्ही गावांतले क्लास येत्या रविवारपासून पालथे घालू.

जय भीम.